वरळीच्या तारांगणात जाताय? मग निघण्याआधी हे वाचा

सगळ्यात आधी पत्ता नीट डोक्यात बसवा. वरळीत 'नेहरू' नावाच्या दोन जागा आहेत आणि कितीतरी लोक चुकीच्या गेटवर उतरून मग उन्हात पोरांना ओढत दुसरीकडे जातात. नेहरू तारांगण आहे नेहरू सेंटरच्या आवारात, डॉ. ॲनी बेझंट रोडवर. नेहरू सायन्स सेंटर वेगळं, ते डॉ. ई. मोझेस रोडला, तिथे विज्ञानाची खेळणी, मॉडेल्स, मोठ्ठी बाग वगैरे आहे. दोन्ही चांगल्या जागा आहेत, पण संस्था वेगळ्या, तिकिटं वेगळी, वेळा वेगळ्या. टॅक्सीवाल्याला नुसतं 'नेहरू' म्हणालात तर तो त्याच्या मनाला येईल तिथे सोडणार, म्हणून 'तारांगण, ॲनी बेझंट रोड' असं स्पष्ट सांगा. ती गोल, उंच, जाळीदार पांढरी बिल्डिंग दिसली की समजा पोचलात, घुमट तिच्याच आवारात आहे.

ट्रेनने येणार असाल तर जवळचं स्टेशन महालक्ष्मी, आणि तिथे फक्त स्लो थांबते हे ठाणे-डोंबिवलीकडच्यांनी लक्षात ठेवा. दादरला उतरायचं, पूल ओलांडून वेस्टर्नला यायचं, चर्चगेट स्लो पकडायची, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. स्टेशनबाहेरून टॅक्सी किंवा बस. मुलं सोबत असतील तर चालत जायच्या फंदात पडू नका. आता मेट्रो ३ झाल्यामुळे सायन्स सेंटर स्टेशनलाही उतरता येतं, पण नाव बघून गोंधळू नका, ते नाव त्या दुसऱ्या नेहरूचं आहे, तारांगणासाठी तिथून थोडं पुढे यावं लागतं. आणि रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघाच. शो सुरू झाला की दार बंद, मग 'ट्रेन लेट होती हो' वगैरे तिथे चालत नाही, आणि चालू नयेच, का ते पुढे सांगतो.

सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे वेगवेगळ्या वेळचे शो असतात. वेळा आणि दर मी मुद्दाम लिहीत नाहीये कारण ते बदलत राहतात आणि मग लोक जुना मेसेज फॉरवर्ड करून भलत्याच वेळी जाऊन उभे राहतात. निघायच्या आदल्या दिवशी वेबसाईट बघा किंवा सरळ फोन करा, त्यात दोन गोष्टी विचारा. एक, उद्या शो नक्की चालू आहे ना, कारण घुमटाचं किंवा मशीनचं काम निघालं की अशा जागा चक्क बंद असतात. दुसरी, तुम्हाला हवा तो भाषेचा शो किती वाजता. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा सीझन, त्या दिवसांत मधल्या वारी सकाळच्या वेळी गेलात तर समोर बसेसची रांग आणि आत चारशे पोरांचा कल्ला. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत फॅमिलीवाल्यांची गर्दी. पावसाळ्यातला एखादा बुधवार-गुरुवार मिळाला तर तो सगळ्यात निवांत, आणि बाहेर ढग असताना आत स्वच्छ आकाश बघायला मजाही येते.

भाषा कुठली घ्यायची यावर माझं स्पष्ट मत आहे, घरात आजी-आजोबा असतील तर मराठी शोच घ्या, पोरं इंग्लिश मीडियमची असली तरी. कारण रोहिणी, कृत्तिका, मृग, स्वाती, चित्रा ही नावं आजीला पाठ असतात, पंचांगातून, सणावारातून, मृगाच्या पावसातून, पण त्यातला नेमका तारा कुठला हे बऱ्याचदा तिला कोणी दाखवलेलंच नसतं. घुमटावर बाण येतो आणि निवेदक म्हणतो ही रोहिणी, आणि शेजारच्या खुर्चीतून 'अगंबाई, ही होय!' ऐकू येतं. पोरांना ऑरायन म्हणजेच मृग आणि सिरियस म्हणजेच व्याध हे घरी येऊन सांगता येईल, त्याला दोन मिनिटं लागतात.

त्यावरून आठवलं, तारांगण म्हणजे ज्योतिष नव्हे. हसू नका, नातेवाईकांपैकी कोणीतरी तिथल्या माणसाला साडेसाती कधी संपते असं विचारण्याचा चान्स असतो, त्यांना घरीच समजावून आणा.

आता तिकीट काढलंत, शोला अजून अर्धा तास आहे, तर तो वेळ बाहेर सेल्फी काढण्यात घालवू नका. आतल्या लॉबीतली प्रदर्शनं बघा. वेगवेगळ्या ग्रहांवर तुमचं वजन किती भरेल हे दाखवणारे काटे मुलांना तुफान आवडतात. साठ किलोचा माणूस चंद्रावर दहा किलोचा, मंगळावर तेवीसच्या आसपास आणि गुरूवर जवळजवळ दीडशे. सातवी-आठवीचं पोरगं सोबत असेल तर त्याला तिथेच विचारा की मग चंद्रावर गेल्यावर तू बारीक होशील का. यातून वस्तुमान आणि वजन यातला फरक जेवढा पटकन कळतो तेवढा पुस्तकातून कळत नाही.

बाथरूमला सगळ्यांना आधीच नेऊन आणा, अगदी 'मला नाही आलीये' म्हणणाऱ्यालाही. अंधारात मध्येच उठणं म्हणजे तुम्हाला त्रास आणि रांगेतल्या दहा जणांना त्रास. आत एसी चांगलाच असतो, आजीसाठी शाल, पोरांसाठी पातळ स्वेटर किंवा निदान एक ओढणी पिशवीत असू दे. खाणंपिणं आत नेता येत नाही, चिवड्याची पुडी बाहेरच संपवा. लांबचा चश्मा असणाऱ्यांनी तो घ्यायचाच, वाचायचा चश्मा घेऊन येणारे लोक पाहिलेत मी, आणि मग शोभर 'सगळं धूसरच दाखवतात बाई' असं चालू असतं. मानेचा त्रास असेल तर ओढणीची गुंडाळी करून मानेमागे ठेवा, चाळीस-पन्नास मिनिटं वर बघायचं असतं.

अगदी तान्ह्या किंवा दोन-तीन वर्षांच्या बाळांना आत सहसा घेत नाहीत, फोन कराल तेव्हा हेही विचारून घ्या. नियम सोडा, तसंही नेऊ नका. एकदम अंधार, मोठा आवाज आणि सगळं आकाश फिरायला लागलेलं, त्या वयाचं मूल घाबरतंच. पाच वर्षांच्या मुलाला आधी घरी सांगून ठेवा की लाईट हळूहळू जातील, आपण हात धरून बसू, काही होत नाही. एवढं सांगितलेलं मूल आणि न सांगितलेलं मूल यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कुठे बसायचं? दार उघडलं की लोक लहानपणीच्या संगीतखुर्चीसारखे पुढे धावतात आणि पहिली रांग पकडतात. घुमटाखाली पहिली रांग ही सगळ्यात वाईट जागा. कारण चित्र समोर नसून डोक्यावर आणि मागेपर्यंत पसरलेलं असतं, पुढे बसलेल्याला अर्धं आकाश स्वतःच्या पाठीमागे जातं. सगळ्या खुर्च्या एका दिशेला तोंड करून असतील तर मागच्या एक तृतीयांश भागात, मधोमध बसा. खुर्च्या गोलात असतील तर आत सोडणाऱ्या माणसाला विचारा मुख्य चित्र कुठल्या बाजूला येतं, आणि त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला बसा म्हणजे मान वळवावी लागत नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी कडेची खुर्ची घ्यावी, घुमटावर यान वळलं की आपणच वळतोय असं वाटतं, पोटात ढवळलं तर बस्स डोळे मिटा, दहा सेकंदात बरं वाटतं. उठून पळू नका.

आता मोबाईलची गोष्ट. आपल्याला वाटतं एक मेसेज बघितला तर काय बिघडलं. बिघडतं ते असं. अंधारात डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि घुमट आतून फिकट रंगाचा असतो, त्यामुळे खालून एक स्क्रीन जरी पेटला तरी त्याचा उजेड वर जाऊन सगळीकडे पसरतो आणि बारीक तारे पुसल्यासारखे होतात. सगळ्यांचेच, फक्त तुमचे नाही. उशिरा येणाऱ्याला दार उघडून आत घेत नाहीत त्याचं कारणही हेच. फोन सायलेंट नको, बंदच करा. स्मार्टवॉच काढून खिशात टाका, हात हलवला की ते पेटतं. आणि एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही, पोरांचे ते लाईटवाले बूट! पाय आपटला की लाल-निळे दिवे लागतात ते. एका शोला पुढच्या रांगेतल्या छोट्याने पाय हलवत हलवत अख्ख्या घुमटावर डिस्को केला होता, आईला बिचारीला कळेना बूट काढू की पोराला उचलू. साधे सँडल घालून आणा.

व्हिडिओ काढायचा नाही हे वेगळं सांगायला नको, आणि काढलात तरी काळा पडदा आणि तुमच्या मुलाचा आवाज एवढंच येतं.

शोमध्ये नेमकं काय बघायचं, हा खरा मुद्दा. आजकालच्या शोमध्ये दोन प्रकारचा माल असतो. एक म्हणजे फिल्म, ब्लॅक होल, मंगळ, डायनोसॉर, मोठं म्युझिक, यान आपल्या अंगावरून जातं वगैरे. दुसरा भाग म्हणजे आज रात्री मुंबईतून दिसणारं आकाश. फिल्म भारी असते, मी नाही म्हणत नाही, पण तशी फिल्म आता घरच्या टीव्हीवरही दिसते. दुसरा भाग फक्त इथेच मिळतो. म्हणून काउंटरवर विचारा की या शोमध्ये आजच्या आकाशाचा भाग आहे का, आणि असेल तर तेव्हा कान टवकारून बसा, झोपायचं असेल तर फिल्मला झोपा. (एसी, अंधार, मागे रेलणारी खुर्ची, बाबा लोक झोपतातच. घोरू नका म्हणजे झालं.)

त्या भागात चार गोष्टी पकडा. पहिली, दिशा. निवेदक उत्तर कुठे आणि पूर्व कुठे ते दाखवतो, तेवढं चुकलं तर पुढचं सगळं गेलं, म्हणून घरून निघायच्या आधीच आपल्या गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा. दुसरी, ध्रुव. पोरांना वाटतं ध्रुव म्हणजे आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, तसं अजिबात नाही, तो बऱ्यापैकी साधा दिसतो, तेजाच्या यादीत पहिल्या चाळिसातही येत नाही. त्याचं महत्त्व हे की बाकी सगळे फिरतात आणि हा जागचा हलल्यासारखा वाटत नाही. आणि तुम्ही जितक्या अक्षांशावर तितकाच तो क्षितिजापासून वर, म्हणजे मुंबईत साधारण १९ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची, तेव्हा दोन मुठींपेक्षा किंचित खाली. मुंबईत एवढ्या उंचीवर समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी असते, म्हणून तो कधी दिसलाच नाही असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. लंडनला राहणाऱ्या भाचीला तोच ध्रुव ५१ अंशांवर दिसतो, फोनवर विचारून बघा. उलट आपल्याला जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेला अगस्ती हा ठळक तारा दिसतो, जवळपास तेवढाच खाली, १८ अंशांवर, आणि तिला तो लंडनमधून वर्षभरात कधीच दिसणार नाही.

तिसरी गोष्ट, सप्तर्षी आणि शर्मिष्ठा (इंग्रजी एम अक्षरासारखा तारकासमूह, कॅसिओपिया). उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षी वर असतात, दिवाळीनंतर शर्मिष्ठा, दोन्हींपैकी जे वर असेल त्यावरून ध्रुवाकडे कसं जायचं ते निवेदक दाखवतो, ते नीट बघून घ्या. चौथी म्हणजे आज कुठला ग्रह दिसतोय. तारे दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी येतात, ग्रहांचं तसं नाही, त्यामुळे हे पुस्तकात पाठ करून उपयोग नाही, इथे विचारूनच घ्यावं लागतं.

आणि त्याच रात्री, अगदी त्याच रात्री, गच्चीवर जा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत की विसरलात. वॉचमनकडून गच्चीची किल्ली आधीच मागून ठेवा. मुंबईच्या उजेडात मोजके तारे दिसतील, चांगल्या अंधाऱ्या जागी एका वेळी दोन-अडीच हजार दिसतात आणि आपल्याकडे काही डझन, पण सुरुवातीला हे उलट सोयीचं असतं कारण फक्त ठळकच उरतात आणि ओळखायला सोपे जातात. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेला मृग आणि त्याच्या मागे व्याध. मे-जूनमध्ये डोक्याच्या आसपास नारिंगी स्वाती आणि दक्षिणेकडे वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा. एवढे ओळखता आले तरी तिकिटाचे पैसे वसूल. स्टेलॅरियम हे फुकटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून ठेवा, पडताळायला बरं पडतं.

थोडं मशीनबद्दल, ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांच्यासाठी. हा सगळा प्रकार जर्मनीत सुरू झाला. झाईस कंपनीने घुमटावर तारे दाखवणारा प्रोजेक्टर बनवून १९२३ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये दाखवला आणि १९२५ पासून तो तिथे लोकांसाठी कायमचा सुरू झाला. जुन्या प्रोजेक्टरचं तत्त्व एकदम सोपं, आत दिवा, भोवती बारीक भोकांच्या प्लेट आणि भिंगं, प्रत्येक भोक म्हणजे एक तारा, आणि ग्रहांसाठी वेगळे छोटे प्रोजेक्टर जे गिअरवर फिरतात. वरळीचं तारांगण १९७७ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झालं तेव्हा इथेही झाईसचंच यंत्र होतं, २००३ मध्ये ते जाऊन डिजिटल सिस्टीम आली. डिजिटलचा फायदा म्हणजे आकाश पृथ्वीवरूनच बघायला पाहिजे असं नाही, शनीच्या कड्यांमधून बघा, आकाशगंगेच्या बाहेर जा, काळ पुढे पळवा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी साधारण २६,००० वर्षांची, ती घुमटावर मिनिटभरात फिरवून दाखवता येते, आणि मग कळतं की आणखी १२,००० वर्षांनी ध्रुवाच्या जागेजवळ अभिजित हा तारा असणार आहे. जुन्या मशीनचे तारे मात्र टाचणीच्या टोकाएवढे आणि धारदार दिसायचे. ज्यांनी तेव्हा पाहिलंय ते अजून त्याचीच आठवण काढतात, आणि मला ते पटतं.

मुंबईबाहेरच्यांनी वरळीलाच यायला पाहिजे असं काही नाही. पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेलं छोटं तारांगण आहे, मुंबईच्याच काय, कोलकात्याच्या बिर्ला तारांगणाच्याही आधीचं. नागपूरला रमण विज्ञान केंद्रात आहे, नाशिकला यशवंतराव चव्हाण तारांगण आहे. दिल्लीला कधी गेलात तर तीन मूर्तीच्या आवारातलं नेहरू तारांगण चुकवू नका, राकेश शर्मा १९८४ मध्ये ज्या सोयुझ टी-१० यानातून परतले ते यान तिथे ठेवलेलं आहे. जळून काळपटलेलं ते भांडं बघितलं की आत तीन माणसं कशी मावली असतील असा प्रश्न पडतोच.

वरळीचा दिवस कसा आखायचा? तारांगण आणि सायन्स सेंटर एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, दहा वर्षांपुढची मुलं असतील तर जमतं, सकाळी सायन्स सेंटर, जेवण, दुपारचा शो. त्याहून लहान असतील तर नको, शोपर्यंत पोरं थकतात आणि अंधार झाला की पाचव्या मिनिटाला गाढ. त्यापेक्षा दुपारचा एक शो, मग त्याच आवारातलं डिस्कव्हरी ऑफ इंडिया हे प्रदर्शन, मग हाजी अलीला ज्यूस किंवा वरळी सी फेसवर सूर्यास्त. सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र असेल तर तिथेच दिसतो, समुद्राकडे इमारती आड येत नाहीत.

मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली. जुलैचा बहुतेक वेळा ढगात जातो, म्हणून मेचाच धरा. त्या सुमारास तारांगणाची भेट ठेवली तर दुपारी बाटली, डबा, पीव्हीसी पाईपचा तुकडा उन्हात उभा करून मुलांना दाखवता येतं, खर्च शून्य.

आणि मुलांना आवडलंच, आणखी हवंय म्हणाली, तर पुढची पायरी म्हणजे कर्जत लाईनवरचं वांगणी. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे लोक तिथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात, पुण्याकडच्यांसाठी १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तीही खगोलप्रेमींचीच, ज्योतिषाची नव्हे. हे कार्यक्रम पावसाळा सोडून असतात आणि अमावास्येच्या आसपासचा शनिवार बघून ठेवतात, जागा लवकर भरतात तेव्हा नाव आधी नोंदवा. तिथे जाताना टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून न्या, सतरंजी आणि थंडीत कानटोपी घ्या, आणि फोनचा ब्राइटनेस एकदम खाली आणा, नाहीतर शेजारचा दुर्बिणवाला काका ओरडेल.